‘आमचे मूल कोणत्या गटात?’

जून महिन्यात शाळा उघडते. पहिली-दुसरीची नवी मुले पत्र्याच्या पेट्या घेऊन वसतिगृहात दाखल होतात, आणि पुढील महिन्याच्या पहिल्या पालकसभेत काही प्रश्न हमखास विचारले जातात. पूर्वी ते प्रश्न साधे असत. पोरगे रमले का, नीट जेवते का, रात्री रडते का? अलीकडे त्यांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. ‘आमचे मूल कोणत्या गटात आहे?’ हा प्रश्न विचारताना पालकांचा आवाज किंचित खाली येतो. शेजारच्या पालकाने उत्तर ऐकू नये, अशी त्यामागची धडपड असते. आमच्याच शाळेत शिकून आज शासकीय सेवेत, बँकेत वा शिक्षकी पेशात स्थिरावलेले काही माजी विद्यार्थी याच प्रश्नाची पुढची पायरी गाठतात. हुशार मुलांची वेगळी तुकडी का करीत नाही, असे ते आम्हांस स्पष्टपणे विचारतात.

या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन्ही प्रश्नांना सविस्तर उत्तर द्यावे, असे आम्ही योजिले आहे. पालकसभेच्या दहा मिनिटांत हे उत्तर मावत नाही, आणि त्या उत्तरात आमच्या चुकीची एक कबुलीही आहे.

प्रथम ‘तुकडी’ आणि ‘गट’ या दोन शब्दांतील भेद लक्षात घ्यावा. तुकडी म्हणजे मुलाचा वर्षभराचा वर्ग. त्याचा शिक्षक, त्याचे सोबती, त्याचे हजेरीपत्रक सारे तिथेच असते. गुणांनुसार ‘अ’ आणि ‘ब’ तुकड्या पाडल्या, की मूल वर्षभर आणि बहुधा पुढेही त्याच वाटेने चालत राहते. गट ही त्याहून लहान आणि तात्पुरती व्यवस्था आहे. एकाच वर्गातील मुले दिवसातील ठरावीक वेळ, एका ठरावीक विषयासाठी, त्यांना आज काय येते ते पाहून वेगवेगळी बसतात आणि तास संपताच पुन्हा एकत्र येतात. निदान असे व्हावयास हवे.

मुळात हे करण्याची गरज का पडते? दुसरीच्या कोणत्याही वर्गात ऑगस्ट महिन्यात जाऊन बसावे. एक मुलगा सुटी अक्षरे ओळखतो, पण ‘घर’ आणि ‘गाव’ जोडून वाचताना अडतो. एक मुलगी शब्द सहज वाचते, मात्र जोडाक्षर आले की थांबते. तिसरा पूर्ण परिच्छेद घडाघडा वाचतो आणि त्यात काय सांगितले आहे हे विचारताच छताकडे पाहतो. चौथी गोष्टीचे पुस्तक केव्हाच वाचून झाल्यामुळे शेजारणीच्या वेणीशी खेळत बसलेली असते. गणितात हीच तऱ्हा. कोणी हातच्याची बेरीज तोंडी करतो, तर कोणाला दहा काड्यांचा गठ्ठा म्हणजे एक दशक, ही गोष्टच अजून उमगलेली नसते. शिक्षक मात्र पाठ्यपुस्तकातील एकच पान चौघांना शिकवीत असतो. ते पान एकाला डोक्यावरून जाते आणि दुसरीला कंटाळवाणे होते.

हा फरक बुद्धीचा आहे, असे मानण्याची घाई करू नये. सहा वर्षांच्या दोन मुलांत अकरा महिन्यांचे अंतर असेल, तर ते त्यांच्या आयुष्याच्या जवळजवळ सहाव्या हिश्श्याइतके असते. (आमच्या जुन्या दाखलारजिस्टरात तर अर्ध्या गावाची जन्मतारीख 1 जून आहे. कोण थोरला, कोण धाकटा, हे गुरुजींच्या लेखणीने ठरविले होते.) एक मूल दोन वर्षे अंगणवाडीत जाऊन आलेले असते, तर दुसरे त्याच काळात आईबापांबरोबर उसाच्या फडावर कोपीत राहिलेले असते. एकाच्या घरी वर्तमानपत्र येते. दुसऱ्याच्या घरी छापील कागद येतो तो किराणा मालाच्या पुडीचा. ही मुले निरनिराळ्या ठिकाणांहून निघाली आहेत. त्यांचा वेग किती, हे अद्याप कोणी मोजलेलेच नाही.

म्हणूनच प्रत्येक मूल कुठे आहे हे पाहून शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. ते कायद्यातही नमूद आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम 24 प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता पाहून आवश्यक तेथे जादा अध्यापन करण्याची जबाबदारी शिक्षकावर टाकते. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा सारा भर तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे यावरच आहे.

आपल्या परंपरेतही या विचाराला आधार आहे. चूळपंथकाची कथा आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षावासातील प्रवचनांतून ऐकलेली असेल. चार महिने प्रयत्न करूनही चूळपंथकाला एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक स्वतः विद्वान भिक्खू होता. त्याने धाकट्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. इतकेच नव्हे, जीवकाकडील भोजनदानासाठी भिक्खूंची संख्या कळविताना त्याला मोजणीतूनही वगळले. तथागतांनी रडत निघालेल्या चूळपंथकाला थांबविले, त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्रखंड दिला आणि ‘रजोहरणं’ हा एकच शब्द म्हणत तो हाताने चोळीत राहण्यास सांगितले. हाताच्या मळाने वस्त्र मळत गेले आणि जे गाथेतून उमगले नव्हते ते अनित्यत्व त्याला त्या फडक्यातून उमगले. कथेतील पुढील चमत्काराचा भाग आम्ही बाजूला ठेवतो. आम्हां शिक्षकांच्या कामाचा भाग तेवढ्याने संपत नाही. महापंथकाकडे एकच पद्धत होती आणि ती लागू पडली नाही तेव्हा त्याने शिष्य बदलला. तथागतांनी पद्धत बदलली.

आता संशोधन काय सांगते ते पाहू. सन 2001 ते 2003 या काळात मुंबई व वडोदरा येथील पालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाची काटेकोर तपासणी झाली. वस्तीतीलच शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे राहिलेली पंधरा-वीस मुले दररोज सुमारे दोन तास वेगळी घेऊन बसे आणि त्यांना अक्षर-शब्द-बेरजेपासून शिकवी. त्या मुलांची प्रगती लक्षणीय झाली. बालसखीकडे न गेलेल्या, वर्गातच राहिलेल्या मुलांना मात्र वर्ग लहान झाल्याचा विशेष फायदा झाला नाही. म्हणजे केवळ गर्दी कमी करून भागत नाही. मुलाला जिथे अडते तिथून शिकवावे लागते.

दुसरा प्रयोग केनियातील आहे. पश्चिम केनियातील 121 प्राथमिक शाळांना 2005 मध्ये पहिलीसाठी एक जादा शिक्षक देण्यात आला, त्यामुळे एका वर्गाचे दोन वर्ग झाले. साधारण निम्म्या शाळांत हे वर्ग आधीच्या गुणांनुसार पाडले, उरलेल्या शाळांत मुले कोणत्याही क्रमाविना वाटली. दीड वर्षानंतर गुणांनुसार विभागलेल्या शाळांतील मुले पुढे होती, आणि विशेष हे, की वरच्या वर्गातील मुलांप्रमाणेच खालच्या वर्गातील मुलांचाही लाभ झाला होता. वेगळ्या तुकडीची मागणी करणाऱ्या पालकांना हा दाखला आवडेल. परंतु त्यातील एक तपशील त्यांनी नजरेआड करू नये. कोणत्या वर्गाला कोणता शिक्षक मिळेल हे तेथे चिठ्ठी टाकावी तसे ठरविले होते. चांगला शिक्षक वरच्या वर्गाला आणि नवखा किंवा निवृत्तीला टेकलेला शिक्षक खालच्या वर्गाला, ही आपल्याकडील सर्वपरिचित वाटणी तेथे नव्हती. आपल्या परिसरातील ज्या शाळेत ‘क’ तुकडी आहे, त्या तुकडीला गणित कोण शिकवितो याची चौकशी पालकांनी अवश्य करावी.

तिसरा अभ्यास आम्हांस सर्वांत अस्वस्थ करणारा वाटला. रे रिस्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने कृष्णवर्णीय वस्तीतील एका शाळेत मुलांच्या एका वर्गाचे बालवाडीपासून दुसरीपर्यंत निरीक्षण केले. 1970 मध्ये ते प्रसिद्ध झाले. वर्गातील सारी मुले कृष्णवर्णीय होती आणि शिक्षिकाही कृष्णवर्णीय. शाळा सुरू होऊन आठव्या दिवशी बाईंनी मुलांना तीन टेबलांवर कायमचे बसविले. अभ्यासाची कोणतीही चाचणी तोवर झालेली नव्हती. पहिल्या टेबलावर बसलेली मुले स्वच्छ नीटनेटक्या कपड्यांची, प्रमाण इंग्रजी बोलणारी, त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतील घरांची होती. तिसऱ्या टेबलावर मळके कपडे, वस्तीची बोली आणि सरकारी मदतीवर जगणारी घरे होती. बाई पहिल्या टेबलाजवळ उभ्या राहून शिकवीत. दुसरीत गेल्यावर या गटांना नावे मिळाली. वरचा गट ‘वाघ’ आणि सर्वांत खालचा ‘विदूषक’. जी मुले बालवाडीत दूरच्या टेबलावर होती, ती दुसरीतही वरच्या गटात पोहोचली नव्हती.

त्या बाई दुष्ट नव्हत्या. त्या त्याच समाजातून शिकून पुढे आलेल्या होत्या, आणि म्हणूनच ‘शिकण्याजोगे मूल कसे दिसते’ याचे एक चित्र त्यांच्या मनात पक्के होते. हा अभ्यास वाचताना आम्हांस आमचाच वर्ग दिसला.

तो प्रसंग येथे सांगणे आम्ही आवश्यक मानतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसरीत वाचनाचे तीन गट केले. सूर्य, चंद्र आणि तारे अशी गोंडस नावे दिली. जुलैमध्ये प्रत्येक मुलाकडून एक उतारा वाचून घेतला, चुका मोजल्या आणि गट पाडले. हेतू चांगला होता. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघण्यापूर्वी एक आई मुलीला भेटावयास आली. तिने वर्गाच्या दारातून पाहिले आणि विचारले, ‘गुरुजी, लेकीला मागल्या रांगंत का बशिवलं? तिचं काय चुकलं?’ आम्ही तिला गटपद्धती समजावून सांगितली. तिने मान डोलावली आणि ती गेली. समाधान झाल्याची ती मान नव्हती.

त्या रात्री आम्ही जुलैमधील तपासणीचे कागद काढून बसलो. त्या मुलीच्या कागदावर नऊ चुका होत्या. त्यांपैकी सात ‘ण’च्या जागी ‘न’ म्हटल्याच्या. ‘पाणी’चे ‘पानी’, ‘लोणी’चे ‘लोनी’. मुलीने शब्द अचूक ओळखला होता, वाचला होता आणि आपल्या घरच्या उच्चाराने म्हटला होता. ती वाचनाची चूक नव्हतीच. ज्या उच्चारावरून आमच्या आजोबांना कचेरीत हसत, ज्या उच्चारासाठी आम्ही स्वतः महाविद्यालयात तोंड मिटून बसत असू, त्याच उच्चारावर लाल फुली मारून आम्ही आमच्याच लेकीला तिसऱ्या गटात बसविले होते. आणखी कागद पाहिले. आणखी चार मुले अशीच निघाली. त्याहून वाईट गोष्ट दुसरीच होती. जुलैपासून त्या दिवसापर्यंत ‘ताऱ्यां’पैकी एकही मूल दुसऱ्या गटात गेले नव्हते. कारण आम्ही पुन्हा तपासलेच नव्हते.

निवासी शाळेत हा दोष दुप्पट होतो. गावच्या शाळेतील मूल संध्याकाळी घरी जाते. तिथे ते कोणाची ताई असते, कोणाचा शेळ्या राखणारा भरवशाचा दादा असते. वर्गातील शिक्का उंबऱ्याबाहेर राहतो. आमच्या मुलांचा वर्ग, जेवणाची पंगत आणि झोपण्याची खोली एकाच कुंपणात आहे. ‘तारे’ हा शब्द नळावरच्या रांगेत पोहोचला होता, गृहपालांच्या तोंडी गेला होता आणि खेळात भिडू निवडतानाही वापरला जात होता.

अशा शिक्क्याने मुलाच्या कामावर काय परिणाम होतो, यासंबंधी कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातील प्रयोग प्रसिद्ध आहे. सहावी-सातवीतील मुलांना त्यांनी कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. ज्या गटांत जात जाहीर केलेली नव्हती, त्यांत सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत विशेष फरक नव्हता. ज्या गटांत प्रत्येकाचे नाव व जात सर्वांसमक्ष उच्चारली गेली, त्यांत मात्र दलित मुलांनी सोडविलेल्या कोड्यांची संख्या लक्षणीयरीत्या कमी होती. मुले त्याच प्रकारची होती आणि कोडीही.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवे काही वाटू नये. बाबासाहेबांना शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि पुढे संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही फारसी घ्यावी लागली, हे आपल्याकडे लहान मुलेही सांगतात. ‘हा विषय तुझ्यासाठी नाही’ असे ठरविणे हीदेखील गटवारीच होती. छत्रपती शाहू महाराजांनी 1919 मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतरांबरोबर एकाच शाळेत बसविण्याचा आदेश दिला, त्याचे महत्त्व येथे ध्यानी येते. वेगळ्या शाळा सोयीसाठी काढल्या होत्या. सोय म्हणून सुरू झालेले वेगळेपण कायम होऊन बसते, हे महाराजांनी ओळखले होते.

जाता जाता ‘ढ’ या शब्दाविषयी. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील धम्मलिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला. जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, असा या शिवीचा उगम सांगतात. खरा असो वा नसो, तेवीसशे वर्षे आपले रूप टिकविणाऱ्या अक्षराचा असा उपहास व्हावा, हे आम्हांस पटत नाही. आमच्या शाळेत हा शब्द मुलाला उद्देशून वापरण्यास शिक्षकांना मनाई आहे.

आता सध्याची व्यवस्था सांगतो. पहिली ते तिसरीची मुले दिवसभर आपापल्या मिश्र वर्गात बसतात. मधल्या सुट्टीनंतरचा एक तास मात्र तिन्ही वर्गांचा एकत्रित वाचनतास असतो. त्या वेळी गट इयत्तेनुसार न पडता कामानुसार पडतात. अक्षरांवर काम करणारी मुले एकीकडे, शब्दांवर काम करणारी दुसरीकडे, परिच्छेद वाचणारी तिसरीकडे आणि गोष्ट वाचून तीवर बोलणारी चौथीकडे. गटांना फुलांची, पक्ष्यांची, ग्रहांची नावे नाहीत. जे काम चालले आहे तेच त्याचे नाव. गणिताचे गट स्वतंत्र आहेत. वाचनात अडखळणारा मुलगा तेथे बहुधा पुढच्या गटात भेटतो, आणि ते सर्वांना दिसते. दर सहा आठवड्यांनी प्रत्येक मुलाचे वाचन पुन्हा ऐकले जाते. घरची बोली चूक म्हणून मोजली जात नाही. प्रमाण उच्चार आम्ही शिकवितो, परंतु वेगळ्या वेळी. अक्षरगट शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे असतो. एखादे मूल सलग दोन तपासण्यांत त्याच गटात राहिले, तर शिक्षकसभेत त्याचे उत्तर त्या गटाच्या शिक्षकाने द्यावयाचे असते.

ही व्यवस्था निर्दोष आहे, असा आमचा दावा नाही. एखादा शिक्षक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामावर गेला की दोन गट एकत्र करावे लागतात आणि तो तास वाया जातो. मुलांनाही सारे कळते. कोणता गट ‘पुढचा’ हे त्यांना सांगावे लागत नाही. आमचा उपाय एवढाच, की गटातून गटात जाणे इतके वारंवार घडावे की त्यात मिरविण्यासारखे वा लाजण्यासारखे काही उरू नये.

ज्या पालकांना वाटते की आपले मूल इतरांसाठी ताटकळत राहते, त्यांचे म्हणणे आम्ही झटकून टाकीत नाही. वाचता येणाऱ्या मुलाला पुन्हा बाराखडी गिरवावयास लावणे हा त्याच्यावर अन्यायच आहे, आणि ‘तू इतरांना शिकव’ असे सांगून त्याला रोज बिनपगारी शिक्षक करणे हाही. त्याच्यासाठी वाचनतासात पुस्तके आहेत, लेखनाचे काम आहे. मात्र त्यासाठी त्याची वेगळी तुकडी आम्ही करणार नाही. आपल्यातील ज्यांच्या घरी आता पुस्तकांचे कपाट आहे, त्यांच्या मुलांनी ज्यांच्या घरी ते नाही अशा मुलांपासून दूर बसावे, ही मागणी आपण कोणाकडून शिकलो, याचा विचार आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आम्हांपेक्षा अधिक चांगला करावा.

पालकांनी प्रश्न विचारणे थांबवावे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. प्रश्न थोडा बदलावा. माझ्या मुलाचे वाचन शेवटचे कोणी आणि केव्हा ऐकले? त्याला नेमके कुठे अडते? तिथे काय शिकविणे चालले आहे? गेल्या तपासणीनंतर त्याचा गट बदलला का, आणि नसल्यास का नाही? हे चार प्रश्न विचारावयास पालकाला स्वतः लिहितावाचता येण्याची गरज नाही. ते आमच्याच शाळेत विचारावेत असेही नाही. ज्यांची मुले अन्यत्र शिकतात त्यांनी तेथे विचारावेत.

वाचनतास मधल्या सुट्टीनंतर लगेच सुरू होतो आणि वर्गाची दारे त्या वेळी उघडी असतात. भेटीच्या रविवारखेरीज आलेल्या पालकांना पूर्वी कार्यालयात बसवून ठेवीत असू. आता त्यांना थेट वर्गात पाठवितो. तपासणीची वही शिक्षकांच्या टेबलावर असते. ज्यांना ती वाचता येत नाही, त्यांना मुलाने स्वतः वाचून दाखवावी, अशी पद्धत ठेवली आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांसाठी त्या सत्रातील तपासणी दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच पूर्ण केली जाते, म्हणजे फडावर जाताना आपले लेकरू काय वाचू लागले आहे, हे त्यांना ठाऊक असते.